तेवीस टोमॅटो आणि एक फुटकी बादली

काकू, नमस्कार. मी पुण्यात वारज्याला राहते, सगळ्यात वरचा मजला, टेरेस आमचीच. दिवाळीनंतर डोक्यात खूळ घेतलं की आता घरचीच भाजी खायची. व्हिडिओ बघून बघून २५ ग्रो बॅगा, कोकोपीट, गांडूळखत, शेडनेट, बियांची पाकिटं सगळं मागवलं. फेब्रुवारीत टोमॅटोची १० रोपं लावली. झाडं माझ्या खांद्याला लागली, फुलं ढीगभर, आणि एप्रिलमध्ये बहुतेक सगळी गळून पडली. जे टोमॅटो धरले त्यातले निम्मे बुडाशी काळे. दुधीच्या सहा वेली चढवल्या, दुधी आला एक, तोही कडू. वांग्याला पांढरा कापूस लागला. लिंबाची पानं अळ्यांनी खाल्ली आणि माझा सात वर्षांचा मुलगा त्या मारू देईना. मे महिन्यात आठ दिवस गावी गेलो, शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन पाणी घालायला सांगितलं होतं, ते विसरले. आलो तर सगळ्याचा कोळसा. नवऱ्याने एक्सेल शीट केलीय, खर्च १३,८५० रुपये, उत्पन्न २३ टोमॅटो, १ दुधी, मूठभर मिरच्या. म्हणजे एक टोमॅटो सहाशे रुपयाला. सासूबाई साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या, माहेरी शेती, त्या काही बोलत नाहीत, नुसत्या हसतात, ते जास्त लागतं. त्यांनी टाकीच्या गळक्या नळाखाली एका फुटक्या बादलीत अळूचा कांदा खोचून ठेवला होता, तेवढंच काय ते हिरवं राहिलंय. त्यात खालच्या फ्लॅटवाले म्हणतात छताला ओल येतेय. सोडून देऊ का हे सगळं? खरं खरं सांगा.
वैतागलेली, वारजे

अगं वैतागलेले, आधी एक कबुली देते, तुझं पत्र वाचून मी हसले. सासूबाईंसारखी हसले म्हण हवं तर. पण हसले कारण या यादीतलं एकही काम मी स्वतः केलेलं नाही असं नाहीये, सहाशे रुपयांचा टोमॅटो आमच्याही घरी पिकलाय, फक्त आमच्या वेळी एक्सेल शीट नव्हती म्हणून वाचले. आणि गंमत म्हणजे तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तूच पत्राच्या शेवटी लिहून ठेवलंयस, जाता जाता, तक्रार म्हणून. त्यावर येतेच, आधी एकेक आरोपी बघू.

टोमॅटो. तुझं काहीही चुकलं नाही, फक्त महिना चुकला. पुण्यात फेब्रुवारीत लावलेलं रोप फुलावर येतं ते ऐन एप्रिलमध्ये. टोमॅटोचं असं आहे की दिवसा पारा ३५ च्या वर गेला आणि रात्रीही २२-२३ च्या खाली उतरेना की त्याचे पराग कामाचे राहत नाहीत, फूल येतं, दोन दिवस थांबतं आणि देठापासून गळून जातं. अशा वेळी आपण काय करतो, घाबरून अजून खत घालतो, आणि झाड अजून पानं काढतं. म्हणून ते तुझ्या खांद्याला लागलं. आता तू म्हणशील नारायणगावकडे तर उन्हाळी टोमॅटोचे ट्रकच्या ट्रक निघतात, मग माझ्याकडेच काय झालं? तर त्यांच्याकडे मुळं जमिनीत आहेत, वर मल्चिंगचा कागद आहे, खाली ड्रिप आहे आणि पिढ्यांची अक्कल आहे. तुझ्याकडे बारा इंची काळी बॅग आहे आणि ती ज्या फरशीवर ठेवलीय ती रात्री दहा वाजतासुद्धा पायाला चटका देते. एप्रिलमधे एकदा रात्री टेरेसवर अनवाणी चालून बघ, तुझं तुलाच कळेल बिचाऱ्या मुळांचं काय होत असेल. टोमॅटोचं बी ऑगस्टमध्ये टाक, सप्टेंबरात रोपं मोठ्या बॅगेत हलव, नोव्हेंबर ते फेब्रुवारी टोमॅटो खा. दहा झाडं नकोत, तीन बास.

बुडाशी काळे. यावर तुला शंभर जणांनी अंड्याची टरफलं घाल म्हणून सांगितलं असणार. कॅल्शियम कमी पडतं हे खरंच आहे, पण बहुतेक वेळा ते मातीत कमी नसतं, ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं. तू सोमवारी बॅग तुडुंब भरलीस, मंगळवारी ऑफिसमधून उशीर झाला, बुधवारी विसरलीस, गुरुवारी पानं माना टाकलेली बघून परत दोन बादल्या ओतल्यास, असंच होतं ना? एक दिवस पूर आणि दोन दिवस दुष्काळ. फळाचं बूड हे सगळ्यात लांबचं टोक, पाण्याची ओढाताण झाली की पहिला फटका त्याला. टरफलं कुजायला कितीतरी महिने लागतात, तोवर टोमॅटोचा सीझन संपतो. त्यापेक्षा रोज ठरल्या वेळी तेवढंच पाणी आणि मातीवर चार बोटं जाड पाचट किंवा वाळका पाला, एवढं केलंस तरी निम्म्याच्या वर टोमॅटो वाचतील.

दुधीबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतोच. दुधीला, दोडक्याला, कारल्याला, भोपळ्याला एकाच वेलीवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, ती गळायचीच असतात, त्यात रडण्यासारखं काही नाही. मादी फूल ओळखायचं म्हणजे फुलाच्या मागे देठाशी करंगळीएवढा दुधी आधीच दिसतो. तो पिवळा पडून गळला तर समजायचं परागीभवन झालं नाही. आता सगळ्यात वरच्या मजल्याच्या टेरेसवर कोण येणार ते करायला? त्यातून दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, तेव्हा मधमाशा घरी गेलेल्या असतात, पतंग आले तर आले. म्हणून संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास वर जायचं, ताजं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. एका नरात दोन-तीन माद्या होतात. कारली आणि काकडी हेच काम सकाळी मागतात. हे काम मुलाला दे, त्याला जे आत्ता कळेल ते दहावीच्या पुस्तकातून कळणार नाही. वेल सहा नको, एकच लाव, पण तिला निदान ४०-५० लिटरचा ड्रम दे. सहा वेली बॅगांमध्ये कोंबल्या की सगळ्या उपाशी, मग पानंच पानं.

आणि कडू दुधीबद्दल विनोद नाही करायचा, ते मात्र नीट ऐक. दुधी, काकडी या जातीच्या फळात कडवटपणा येतो तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे, झाडाला उन्हाचा, पाण्याचा ताण पडला की वाढू शकतो, बियाणं गडबड असेल तरी येतो. कडू दुधी शिजवून कडूच राहतो आणि त्याचा रस प्यायल्याने माणसं रक्ताच्या उलट्या होऊन दवाखान्यात गेलेली आहेत, जीवही गेलेत. चिरताना कच्ची चकती जिभेच्या टोकाला लावायची, कडू लागली की थुंकायचं, चूळ भरायची आणि आख्खा दुधी कचऱ्यात टाकायचा. घरचा आहे, पहिला आहे, एकच आहे असली माया करायची नाही. तू काय केलंस ते लिहिलं नाहीस, टाकला असशील अशी आशा.

वांग्याचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, मिलीबग म्हणतात तो. नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीबरोबर बऱ्याचदा घरात शिरतो. आधी मुंग्या बघ. मुंग्या खोडावर चढउतार करत असतील तर त्याच या ढेकणांना सांभाळतात, त्यांचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात त्यांची राखण करतात, म्हणजे मुंग्या राहिल्या तर तू कितीही फवार, पुढच्या आठवड्यात कापूस परत हजर. जास्त भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडव, उरलेल्यावर पाइपने जोरात पाणी मार, मग लिटरला ५ मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी फवार, दर आठवड्याला असं तीनदा. भर उन्हात फवारलंस तर पानं भाजतील आणि मग ते पण माझ्या नावावर येईल.

लिंबाच्या अळ्या मारू दिल्या नाहीत त्या पोराला माझ्याकडून एक चॉकलेट दे. आधी पक्ष्याच्या शीटेसारखी दिसणारी आणि मग हिरवीगार होणारी ती अळी लिंबाच्या फुलपाखराची, काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलं, कढीपत्त्यावरही येतं. लिंबाचं झाड हाताएवढंच असेल तर दोन अळ्या ठेवा, बाकीच्या कढीपत्त्यावर नेऊन सोडा. पानं परत येतात. लिंबू कलमी आहे ना ते मात्र बघ, बीपासूनचं असेल तर फळाला पाच-सात वर्षं धर, म्हणजे पोरगा मिसरूड फुटायच्या वयात येईल तेव्हा सरबत.

आता माझी फजिती सांगते म्हणजे तुला बरं वाटेल. नाशिकला आमच्या मागच्या अंगणात मी बाजारच्या एका फार गोड पपईच्या बिया टाकल्या, एकच झाड ठेवलं, बाकीची शेजारणींना वाटली, आणि वर्षभर त्या झाडाला शेणखत, आंघोळीचं पाणी, काय काय लाड केले. नऊ-दहा महिन्यांनी फुलं आली, लांब लांब देठांवर लोंबणारी, झुबकेच्या झुबके. मी गल्लीभर सांगत सुटले की यंदा पपया लागणार. मग समोरच्या आजी आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "अगं हा नर आहे!" आणि वाटलेल्या रोपांपैकी दोन माद्या निघाल्या, त्या शेजारणी अजून मला पपई आणून देतात, आणून देताना हसतातही.

मे महिना. शेजाऱ्यांशी भांडू नकोस, दुसऱ्याची झाडं कोणालाही आठवत नाहीत, मला माझ्या सख्ख्या बहिणीची आठवत नाहीत. उलट मला वाटतं तुझं झालं ते बरंच झालं. आपल्याकडे शेतकरी सुगी संपली की रान नांगरून उन्हात तापायला टाकतो, किडे, अंडी, बुरशी मरू देतो. कोरडवाहू शेताला उन्हाळी सुट्टी असते, टेरेसवरच्या बॅगेलाच का नसावी? पुढच्या वर्षी एप्रिलअखेर वर फक्त कढीपत्ता, लिंबू, गवती चहा अशी चिवट मंडळी ठेव, सावलीला एकत्र खेटून ठेव, बाकी बॅगा ताडपत्रीवर रिकाम्या कर आणि निवांत गावी जा. आत्ता जे वाळून कोळसा झालंय ना ते पण फेकू नकोस, नुसतं त्या कापूसवाल्या वांग्याचं तेवढं फेक, बाकीचं बारीक तोडून मातीवर पसर, तेच तुझं पाचट.

एक्सेल शीट. नवऱ्याला म्हणावं अकाउंटिंग कच्चं आहे, बॅगा, शेडनेट, कात्री हा भांडवली खर्च, तो काय एकट्या टोमॅटोवर टाकायचा असतो का? पण खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते, टोमॅटो तुला मंडईपेक्षा स्वस्त कधीच पडणार नाही. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला दीडशेच्या वर गेला होता तेव्हाही पडला नसता. कांदा, बटाटा, फ्लॉवर यांच्या नादी तर लागूच नकोस. टेरेसवर परवडतं ते चिमूटभर लागणारं. कढीपत्त्याची दोन पानं, चार मिरच्या, पुदिन्याचे दोन शेंडे, चहात टाकायला गवती चहाचं एक पातं, आमटीवर भुरभुरायला कोथिंबीर. हे आपण दहा-वीस रुपयाची जुडी म्हणून आणतो आणि त्यातलं निम्मं फ्रिजमध्ये काळं पडतं. वर्षभराचा हिशोब कर, तुझ्या नवऱ्याची शीट हिरवी होईल की नाही सांगता येत नाही पण लाल तरी कमी होईल.

ओल येतेय ते मात्र हसण्यावारी नेऊ नकोस, पावसाळा दारात आहे. वीस लिटरच्या बादलीत भिजलेली माती तीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे २५ बॅगा टेरेसच्या मधोमध मांडल्या तर तू दहा-बारा माणसं कायमची बसवून ठेवलीयस. त्या कठड्याच्या कडेने, खाली बीम असतो त्या लाइनीत लाव, आणि थेट फरशीवर नको, प्रत्येकीखाली दोन विटा, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि फरशी वाळेल. पाणी जायच्या जाळीवर कोकोपीटचा थर बसलेला असेल, आजच काढ. आणि खालच्यांची ओल नक्की कुठे आहे ते बघून ये, त्यांच्याकडे चहा पी आणि मान वर करून बघ. मला दाट संशय आहे की ती टाकीच्या खालीच निघणार.

कारण टाकीचा नळ गळतोय, तूच लिहिलंयस. आणि त्याच नळाखाली सासूबाईंची बादली आहे. आता कळलं मी का हसले? तुझे टोमॅटो काळे पडले पाण्याच्या ओढाताणीने, दुधी कडू झाला बहुतेक त्यानेच, आठ दिवसात सगळं वाळलं पाण्याविना, आणि त्या बाईने पाहिलं की पाणी कुठे आपणहून पडतंय, आणि पाण्यात लोळणारं झाड आणून तिथेच खोचलं. पैसे शून्य. बादली फुटकी, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची पण सोय. तू झाडं लावलीस आणि मग त्यांच्यापर्यंत पाणी नेत बसलीस. मला वाटतं त्या तुला हसत नाहीयेत, त्या वाट बघतायत की ही विचारते कधी. न विचारता सांगितलं की सुनेला टोचतं हे त्यांनाही माहितीय.

तेव्हा जून-जुलैचं असं कर. २५ पैकी ८ बॅगा चालू ठेव, बाकीच्यांची माती ताडपत्रीखाली झाकून ठेव. दोन बॅगा भेंडीला, एका बॅगेत दोन झाडं. एकात मिरचीची रोपं. ड्रममध्ये दुधी किंवा दोडका, दोन्ही नको. कठड्याला मायाळू चढव, ती मेहनत न करता भजी देते. मेथीचा मोह पावसात नको, सडते, ऑक्टोबरात टाक, २५ दिवसात हातात. कोथिंबिरीचे धणे पेरताना रगडून दोन फाकी करून पेर, अख्खे टाकलेस तर उगवायला वेळ लावतात आणि उगवतातही विरळ. गोगलगायी येतील, त्या मोठ्या, शंखवाल्या, रात्री टॉर्च घेऊन चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाक, हाताने धरू नकोस.

उरलेल्यांतल्या दोन बॅगा सासूबाईंच्या. त्यांना सांग की यात काय लावायचं ते तुम्ही ठरवा आणि मग मध्ये बोलू नकोस, व्हिडिओ तर मुळीच दाखवू नकोस. कोरेगावकडच्या आहेत म्हणजे आलं त्यांनी नक्की लावलेलं असणार, पसरट टबात आलं छान येतं, जूनमध्ये कोंब आलेले तुकडे दोन बोटं खोल लावले की पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं, आणि थोडी सावली असली तरी त्याची कुरकुर नसते. नाहीतर वाघ्या घेवडा. त्यांच्या तालुक्याच्या या घेवड्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, हे त्यांना सांगून बघ, माहीत नसेल तर चेहरा बघण्यासारखा होईल आणि माहीत असेल तर तासभर घेवड्यावरच ऐकावं लागेल, दोन्ही चांगलंच. गावाकडून मूठभर बी मागवायला सांग.

आणि नळ दुरुस्त करून घ्यायचाच आहे, पण प्लंबरला बोलवायच्या आधी त्यांच्याशी बोल. नळ बंद झाला की बादली कोरडी पडणार. पावसाचे चार महिने प्रश्न नाही, पण ऑक्टोबरनंतर त्या अळूला रोज तांब्याभर पाणी लागेल, ते कोणी घालायचं ते घरात ठरवून घ्या, शेजाऱ्यांवर नको. अळूवडी करशील तेव्हा चिंच जरा हात सैल सोडून घाल, नवीन कांद्याचं अळू खाजरं निघू शकतं, आणि पहिली वडी नवऱ्याला दे.